ओळंब्याची वाकडी नदी

आमच्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, सगळी पंचक्रोशी ओळंबा म्हणते. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून खाली सोडतो ना, तो ओळंबा. काका गवंडी नव्हेत. पाण्याच्या खात्यात पोकलेन चालवतात, उभी हयात त्या मशीनच्या केबिनमध्ये गेली. पण नाव बसलं ते बरोबर बसलं. त्यांच्या घरात शिरलात तर चपला भिंतीला धरून ओळीत, दोरीवरचे कपडे कडेला कड लावून, आणि फळीवरच्या कपांचे कान एकाच दिशेला. मावशीने एखादा कप उलट्या कानाचा ठेवला तर काका बोलत नाहीत. उठतात, कप फिरवतात, परत येऊन बसतात. यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या, असं मावशी म्हणते.

आमच्या वस्तीखालून जाणारी नदी पूर्वी गांडुळासारखी लोळत जायची. काका ऐन भरात होते तेव्हा खात्याने तिला सरळ करायचं ठरवलं आणि काकांनी ती केली. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये पाणी, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा पूल दिसायचा. पोकलेनच्या बकेटची पाठ फिरवून फिरवून त्यांनी बांधाचा उतार असा थापला होता की बाईमाणसाने तिथे धान्य वाळत घालावं. सुट्टीच्या दिवशी ते सगळ्यांना बांधावर घेऊन जायचे आणि म्हणायचे, "बघा." आम्ही बघायचो. बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी नाकासमोर चालत होतं.

नाकासमोर चालणारं पाणी फार लवकर पोचतं. पाऊस झाला की नदी दावं तुटलेल्या खोंडासारखी सुटायची आणि खालच्या शहरातल्या तळघरांत शिरायची. पाऊस थांबला की बेडकाची ढोपरं भिजतील एवढं पाणीही मागे राहायचं नाही. मासे गेले, कासवं गेली, काठच्या विहिरींनी तळ दाखवला. मग सरकारला अक्कल आली. आणि सरकारला अक्कल आली की ती एकदम सगळ्या देशाला येते. निसर्ग परत आणायचा असं ठरलं. कुठे डोंगरांवरची तारेची कुंपणं काढली, कुठे खाडीचे बांध फोडून दलदलीला परत बोलावलं, कुठे झाडं तोडणाऱ्यांनाच बिया टोचायला लावलं, कुठे पिंजऱ्यातून लांडगे सोडले आणि मग लांडगे कुठे गेले ते शोधायला माणसं सोडली. आमच्या वाट्याला आली नदी. हुकूम निघाला, नदीला तिची वळणं परत द्या. द्यायची कुणी? ज्याने काढून घेतली त्याने.

"म्हणजे मी केलं ते चुकलं?" काकांनी खात्याच्या यार्डातल्या साहेबांना विचारलं.

"चुकलं कोण म्हणतंय? तेव्हा ते बरोबर होतं, आता हे बरोबर आहे."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. तुम्ही तेवढे मशीनला ग्रीस मारा."

कामावर लक्ष ठेवायला एक बाई आली. गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावर वितळल्यासारखी टोपी, आणि बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता पाण्याकडे बघायची खोड. लोकांनी दुसऱ्या दिवशी तिचं नाव नदीबाई ठेवलं. तिने काकांना नकाशा दिला. त्यावर नव्या पात्राची निळी रेघ होती. कुठे फुगलेली, कुठे आखडलेली, एके ठिकाणी स्वतःच्याच अंगावर उलटून आलेली. तिच्याकडे दुसऱ्या नद्यांचीही कामं होती. देशभर कामं निघाली होती, पण माणसं होती तेवढीच. त्यामुळे नकाशा देऊन ती निघून गेली.

काकांनी तो नकाशा केबिनमध्ये चिकटवला आणि बराच वेळ बघितला. त्यांना वाटलं, बाईने हा धावत्या जीपमध्ये बसून काढलाय. हात हललाय बिचारीचा. तेव्हा त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून ती रेघ सुधारून घेतली. म्हणजे कागदावर नाही, जमिनीवर. बाई परत आली तेव्हा नदीला वळणं होती. सगळी एका मापाची. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. काठ बकेटच्या पाठीने थापून गुळगुळीत केलेले. माशांना लपायला पाण्यात आडवी टाका म्हणून सांगितलेली झाडाची खोडं काठावर जाडीप्रमाणे रचून ठेवलेली, जाड खाली, बारीक वर.

बाई बांधावर उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर दाबून धरली.

"काका, हे काय आहे?"

"वळणं."

"हे बैल चालता चालता मुतलाय तसं दिसतंय!" हे बाई म्हणाली नाही, माती वाहणारा ट्रकवाला म्हणाला. पण बाईने त्याला गप्प केलं नाही, यावरून काय ते समजा.

"नकाशात असं कुठे होतं?" बाईने विचारलं.

"नकाशात तुमचा हात हलला होता. मी नीट करून घेतलं."

"हात नव्हता हो हलला! नदी हलते!"

"आता तुम्ही म्हणताय तर हलवू. किती हलवू ते सांगा. इथे किती, तिथे किती. माप द्या, मी पोकलेनने सुईत दोरा ओवून देतो."

"मापच नाही द्यायचं, काका. मापाने केली की तो कालवा होतो."

"मग कशाने करू?"

बाईने पाण्याकडे बघितलं. "जमीन नेईल तसं जायचं."

"जमीन कुठे नेते?" काका म्हणाले. "जमीन जागच्या जागी असते. मी तिला नेतो."

असं दोघांचं सुरू झालं आणि पुढचे कित्येक दिवस तेच चाललं. बाई यायची, कपाळाला हात लावायची, जायची. काका एक वळण भरून काढायचे, दुसरं खणायचे, ते पहिल्यासारखंच यायचं. मुद्दाम वाकडं करायला गेले तर वाकड्यालाही शिस्त लागायची. एकदा त्यांनी डोळे मिटून लिव्हर ओढला. डोळे उघडले तेव्हा पट्टी लावून आखल्यासारखा सरळ चर समोर. काका खाली उतरले आणि त्यांनी पोकलेनच्या साखळीला लाथ मारली. लाथ मशीनला लागली नाही, त्यांनाच लागली.

शेवटी बाईने नकाशा फाडला. दोन्ही बाजूंना लांबवर झेंडे रोवले आणि म्हणाली, "या झेंड्यांच्या बाहेर जायचं नाही. आत कुठूनही न्या. सरळ नको, एकसारखं नको. एवढंच सांगते. महिनाअखेरीला मोठ्या साहेबांना घेऊन पाहणीला येईन."

यार्डातल्या साहेबांनी काकांना आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही वर साहेब होते. खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाशी पत्र्याची चौकी, तिच्यात एक स्टूल, एक पातं नसलेला पंखा, आणि गाडी आली की ओढायची दोरी.

"काका, ही पाहणी पास झाली नाही तर मशीनवर दुसरा माणूस येईल. बाईंनी मागितलाय. तुमची सोय मी इथे करेन. फाटकावर. सावली आहे, बसून काम आहे."

काकांनी चौकीकडे बघितलं. त्या फाटकावर जे जे बसले त्यांची पोटं पुढे येताना आणि डोळे आत जाताना काकांनी बघितले होते. घरी येऊन ते मावशीला एवढंच म्हणाले, "दोरी ओढायला लावणार आहेत मला."

"फाशीची?" मावशीने विचारलं.

"फाटकाची."

"मग एवढं तोंड कशाला उतरवायचं?"

"तुला नाही कळायचं."

पण मावशीला कळलं होतं. हा माणूस दिवसभर घरी नसतो म्हणून संसार झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फाटक घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे जेवायला घरी, चहाला घरी, आणि येता-जाता कपांचे कान तपासायला घरी.

त्यानंतरची गोष्ट अशी झाली की एका सकाळी साखर संपली. मावशी दुकानात निघाली. काका दारात बसून बुटांचे बंद सारखे करत होते. दुकान समोरच, मैदानापलीकडे. काका गेले असते तर मान वळायच्या आत परत आले असते. मावशी निघाली ती आधी उजवीकडे, कारण शिंपिणीच्या दारात कुणीतरी नवीन माणूस दिसला. तो कोण ते कळल्यावर चिखल चुकवून मागे. मग कुत्रीला पिल्लं झाली होती ती बघायला झाडाकडे. तिथून दुकानाच्या दिशेने चार पावलं गेली, काहीतरी आठवलं, परत शिंपिणीकडे. मग ऊन लागलं म्हणून भिंतीच्या कडेकडेने. दुकानाशी पोचली, दुकान ओलांडून गेली, मागे वळून आली.

हे काका लग्नापासून बघत आले होते आणि उभा जन्म त्यांचा जीव या चालण्याने वर-खाली झाला होता. "समोर दिसतंय ते दुकान, जा आणि ये, मध्ये काय आहे?" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की मावशी ते झोपेत म्हणायची. त्या दिवशी मात्र ते म्हणाले नाहीत. मैदानात धूळ होती, धुळीत मावशीच्या चपलांचे ठसे होते, आणि काका बुटाचा बंद हातात धरून त्या ठशांकडे बघत बसले.

मावशी आली तेव्हा ते म्हणाले, "साखर राहू दे. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"नदीवर."

"का? ढकलून देताय?"

"तुला चालायचंय."

खेळाच्या मैदानावर ओढतात ती फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, तिचं पोतं काकांनी ट्रकवाल्याकडून आणवलं. जुन्या पिशवीच्या तळाला भोक पाडलं, तिच्यात फक्की भरली आणि पिशवी मावशीच्या हातात दिली. "इथून निघायचं. तो झाडोरा दिसतो तिथे पोचायचं. झेंड्यांच्या बाहेर जायचं नाही."

"आणि मध्ये?"

काकांनी भुकटीचे हात पँटला पुसले. "मध्ये तुला हवं तसं."

मावशीने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग ती निघाली. मागे काका पोकलेन घेऊन. मावशी काटेरी झुडपाला वळसा घालून गेली. पुढे जमीन पायाखाली मऊ लागली म्हणून बाजूला सरली. मुंग्यांचं वारूळ लागलं, तिथे थांबून बघितलं. वारूळ चुकवताना पार झेंड्यापर्यंत गेली. एक शेळीवाला शेळ्या घेऊन बसला होता. त्याच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं हे विचारायला ती उलटी फिरली, आणि ते ऐकता ऐकता एका जागी इकडून तिकडे एवढी हलली की तिथे फक्कीचा ढीग झाला.

"इथे काय करू?" काकांनी केबिनमधून ओरडून विचारलं.

"मला काय ठाऊक? मी बोलत होते!"

काकांनी दात खाल्ले आणि तिथे डोह खणला.

असे काही दिवस गेले. मावशी पुढे, मशीन मागे. तिला पहिल्यांदा गंमत वाटली, मग पाय दुखायला लागले, मग सगळ्या वस्तीत हसं झालं. "काय, आज सरकारी फिरणं का?" असं शिंपीण विचारायची. ट्रकवाला तर तिला बघून ट्रक थांबवायचा आणि वाकून सलाम करायचा. मावशीने त्याला चप्पल दाखवली तेव्हा तो चप्पल कुठल्या दिशेला वळतेय ते बघायचं नाटक करू लागला.

आणि काका? माणसाने गप्प बसावं की नाही? रेघ मनासारखी वेडीवाकडी पडतेय, नदी उठून दिसतेय, तर हा माणूस केबिनमधून सांगायला लागला. आधी हळूच, "जरा डावीकडे घे." मग, "मागच्यापेक्षा थोडं कमी वळ." मग मान बाहेर काढून, "अगं, झेंड्यांपासून सारखं अंतर ठेव ना!"

मावशी थांबली. मागे वळली.

"कसं चालू म्हणता?"

"जरा बेताने. इथे उगाच दोनदा वळलीस. एकदा वळली असतीस तरी चाललं असतं."

"लग्न झाल्यापासून," मावशी म्हणाली, आणि पोकलेनच्या आवाजावर चढलेला तो आवाज पलीकडच्या वस्तीत ऐकू गेला, "लग्न झाल्यापासून मला म्हणताय सरळ चाल, सरळ चाल. आता खुद्द सरकारला माझं वाकडं चालणं हवंय, तर त्यातही तुम्हाला सुधारणा करायचीय? घ्या तुमचं सरळ!"

आणि ती निघाली. हातात पिशवी तशीच, भोकातून फक्की तशीच पडतेय, आणि ही बाई झाडोऱ्याकडे अशी सरळ गेली की गवंड्याने दोरी लावून घ्यावी. झुडूप आलं तर झुडपातून. चिखल आला तर चिखलातून. शेळीवाल्याने हाक मारली, तिने बघितलंसुद्धा नाही. झाडोऱ्याशी पोचल्यावर पिशवी फेकून दिली आणि रस्त्याने घरी.

काका त्या रेघेसमोर मशीन उभं करून बसले. जन्मभर त्यांना जी रेघ हवी होती ती समोर पडली होती आणि तिचा उपयोग नव्हता. त्यांनी मावशीला आणायला माणूस पाठवला, तो 'नाही' ऐकून परत आला. स्वतः गेले, दार लावलेलं. मग त्यांनी आपल्या मनाने एक वळण खणून बघितलं. ते बैलाचं आलं. भरून टाकलं. दुसरं खणलं. तेही बैलाचं. पाहणी येऊन ठेपली होती. शेवटी त्यांनी कुणाच्या तरी नावाने एक कचकचीत शिवी हासडली, बहुतेक सरकारच्या, आणि मावशीच्या रेघेवरून सरळ चर खणून टाकला. मग नव्या पात्रात पाणी सोडलं.

पाहणीला मोठे साहेब आले, त्यांच्या बुटांना माती लागू नये म्हणून फळ्या टाकल्या होत्या, त्यांच्यावरून घसरून ते बरोबर मातीत गेले. तिथपासून त्यांचं सगळं लक्ष बुटांत. नदीबाई मात्र कडेकडेने चालत सुटली. वारुळाच्या वळणाशी थांबली. डोहाशी थांबली, पाणी गोल फिरत होतं ते बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिने टोपी काढली. तिथे बोटाएवढ्या माशांचा घोळका आला होता. कुठून आला देव जाणे. काका मागे मागे.

मग सरळ तुकडा आला.

"काका, हे इथे काय झालं?"

काका खोटं बोलत नाहीत. सुचतच नाही त्यांना. "इथे ती चिडली."

"कोण? नदी?"

"बायको." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पिशवी, फक्की, शेळीवाल्याची सून, सगळं. एका ओळीत सांगितलं, मध्ये श्वास घेतला नाही.

ट्रकवाला हसायला लागला. मोठ्या साहेबांनी बुटांवरून मान वर केली. नदीबाई हसली नाही. त्या सरळ तुकड्यात पाणी जोराने चाललं होतं, तळाचे गोटे धुऊन निघाले होते. "असा एखादा तुकडा असतोच नदीला," ती म्हणाली. "राहू द्या. हात लावू नका. आणि काका, एक विचारते, काठ थापायचा मोह कसा आवरला?"

"थापायला वेळच नव्हता. ती पुढे जायची."

मोठ्या साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या मान हलवली. पाहणी पास. वरच्या अंगाचा टप्पा, याच्या दुपटीने लांब, काकांकडेच. "पण," नदीबाई म्हणाली, "हे असंच झालं पाहिजे. त्यांना घेऊनच या. त्या येणार नसतील तर मला आधी कळवा, मी दुसरं काहीतरी बघते."

दुसरं काहीतरी म्हणजे काय, ते काकांना दिसत होतं. पत्र्याचं होतं आणि त्यात स्टूल होतं.

घरी आले तेव्हा मावशी धुणं पिळत होती. काका बाजूला उभे राहिले.

"पास झालं."

"बरं झालं." तिने चादर झटकली, पाणी काकांच्या अंगावर उडालं. ते हलले नाहीत.

"वरचा टप्पा दिलाय."

"द्या मग करून."

"उद्या लवकर निघायचंय."

"निघा. डबा करून ठेवते."

"दोघांनी."

मावशीने चादर दोरीवर टाकली, एक टोक लोंबतं, एक आखूड. काकांचा हात पुढे गेला. मावशीने त्यांच्याकडे बघितलं. हात खाली आला.

"हे सांगताय की विचारताय?"

हा प्रश्न त्या घरात पूर्वी कुणी विचारलेला नव्हता. एवढा मोठा चर खणताना काकांना इतका घाम आला नव्हता.

"विचारतोय," ते म्हणाले. "येशील का?"

"तोंड उघडायचं नाही."

"नाही."

"हॉर्न वाजवायचा नाही. मी थांबले की थांबायचं. मी बसले की बसायचं. आणि ट्रकवाल्याला सांगा, परत सलाम केला तर पिशवी त्याच्या डोक्यावर रिकामी करीन."

"सांगतो."

"बघते मग," मावशी म्हणाली. येते असं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. वरच्या अंगाला एक नवीनच वस्ती लागते, तिथली माणसं मावशीच्या ओळखीची नव्हती. म्हणजे तिला कामच काम. पहिल्याच घराशी ती थांबली. कुंपणाच्या आत एक म्हातारी शेंगा सोलत होती, मावशीने कुंपणावर कोपरं टेकली. पिशवीतली फक्की एका जागी पडायला लागली. काका मागे केबिनमध्ये, लिव्हरवर हात, इंजिन घरघरतंय. ऊन वर आलं. म्हातारीने मावशीला शेंगांची अर्धी टोपली आणून दिली आणि मावशीने पिशवी खाली ठेवून सोलायला घेतल्या.

काकांनी मान बाहेर काढली. मावशीने नुसतं वळून बघितलं.

काकांनी मान आत घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.